‘लाईन गेली’ : एका इंग्रजी शब्दाचे आपल्याकडचे अर्थ आणि वापर

खडू_फळा (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाळेत सातवी-आठवीला मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवते, आणि या दोन विषयांच्या मधोमध एक शब्द मला सतत आडवा येतो. तो शब्द म्हणजे ‘लाईन’. मराठीच्या वहीत मुले ‘रात्री लाईन गेली, म्हणून गृहपाठ राहिला’ असे लिहितात आणि इंग्रजीच्या वहीत तीच मुले ‘द लाईन वेन्ट’ असे लिहून मोकळी होतात. इंग्रजी वाक्य मी खोडते, कारण इंग्रजी भाषकाला त्यातून विजेचा काहीही बोध होणार नाही. फार तर टेलिफोन बंद पडला असे त्याला वाटेल. तिथे ‘द पॉवर इज आऊट’ असेच म्हणावे लागते. मराठी वाक्याचे काय करावे, हा मात्र माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. आमचे पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले एक सहकारी ‘लाईन’ खोडून तिथे लाल शाईने ‘लाईट’ लिहितात. एक इंग्रजी शब्द काढून त्या जागी दुसरा इंग्रजी शब्द बसवणे म्हणजे शुद्धलेखन कसे, हे मला उमगलेले नाही.

तेव्हा आपल्या भागात हा शब्द किती अर्थांनी वापरला जातो, त्यांतले कोणते अर्थ मूळ इंग्रजीत आहेत आणि कोणते आपण जन्माला घातले, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

नागपुरी_संत्रं

ताई, तुमच्या सहकाऱ्यांना सांगा की दुपारी बारा वाजता पंखा बंद पडला तर आम्ही ‘लाईट गेली’ कसे म्हणायचे? उजेड तर बाहेर भरपूर असतो.

खांबावरचा (वणी भाग)

वरचा प्रतिसाद थट्टेचा असला तरी मुद्दा अगदी बरोबर आहे. मी नोकरीने लाईनमन आहे, त्यामुळे या शब्दाशी माझा रोजचा आणि जिवावरचा संबंध आहे. ‘लाईट’ म्हणजे दिवा किंवा उजेड. दिवा हा वीजपुरवठ्याचा केवळ शेवटचा आणि सर्वांत लहान ग्राहक झाला. गावात पुरवठा बंद होतो तेव्हा दिव्यासोबत पीठगिरणी थांबते, विहिरीवरची मोटर थांबते, ग्रामपंचायतीच्या टाकीत पाणी चढत नाही. जे बंद झालेले असते ती तारेची वाहिनी असते, म्हणजेच लाईन. म्हणून तांत्रिक अंगाने पाहिले तर ‘लाईन गेली’ हे ‘लाईट गेली’ यापेक्षा अधिक नेमके विधान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या कामात तर या एका शब्दाच्या भोवती सगळी भाषाच उभी राहिली आहे. उपकेंद्रातून निघते ती अकरा केव्हीची म्हणजे अकरा हजार व्होल्टची एचटी (उच्चदाब) लाईन, डीपीवरून म्हणजे रोहित्रावरून घरांकडे जाते ती एलटी (लघुदाब) लाईन, आणि शेतांवरून मोठमोठ्या मनोऱ्यांवर जाते ती, लोकांच्या भाषेत, हायटेन्शन लाईन. बिघाडाने फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य वाहिनी, आपोआप बंद झाला की ‘लाईन ट्रिप झाली’, दुरुस्तीनंतर पुरवठा सोडला की ‘लाईन चार्ज केली’, आणि बिघाड सापडत नसला की आम्ही पाऊलवाटेने खांबामागून खांब पाहत ‘लाईन चालतो’. पहिल्या पावसाच्या वाऱ्यात जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटलेला असतो, कुठे बाभळीची फांदी तारेला टेकलेली असते, कुठे चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलेला असतो आणि खालून तो अखंडच दिसतो.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी, कारण इथे शब्दाचा अर्थ आणि माणसाचा जीव एकमेकांत गुंतलेले आहेत. गावकऱ्यांच्या दृष्टीने घरातला पंखा थांबला की ‘लाईन गेली’. आमच्या दृष्टीने ती गेलेली नसते. उपकेंद्रातून परमिट घेतले, पुरवठा तोडला, तारेत वीज नसल्याची खात्री केली आणि दोन्ही बाजूंनी लाईन अर्थ केली, म्हणजे जमिनीला जोडली, की मगच ती गेली असे आम्ही मानतो. कारण एखाद्या घरचे चुकीचे जोडलेले जनरेटर उलट दिशेने वीज पाठवू शकते, किंवा पलीकडून कोणी फीडर चालू करू शकते. डीपीवरचा डीओ (फ्यूज) पडलेला पाहून ‘लाईन गेली आहे, हात लावायला हरकत नाही’ असे समजून स्वतः खांबावर चढणारे लोक याच एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये सापडतात.

शब्दवेल्हाळ (अमरावती)

खांबावरचा दादांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्याजोगा आहे. भाषेच्या बाजूने काही भर घालतो.

‘लाईन’ हा शब्द इंग्रजीत फार जुन्या काळी लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘लिनिआ’ म्हणजे धागा, विशेषतः ‘लिनम’च्या धाग्याची दोरी, आणि ‘लिनम’ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपले जवस. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूचे कापड ते लिनन. ताणलेला धागा सरळ असतो, म्हणून धाग्याचे नाव सरळ रेषेला मिळाले. रेषेवरून ते ओळीत उभ्या असलेल्या वस्तूंना, लिहिलेल्या ओळीला, पुढे मार्गाला, मार्गावरून रेल्वेला, तारेला आणि व्यवसायाच्या दिशेला मिळाले. कोळ्याच्या गळाची दोरी आजही इंग्रजीत ‘लाईन’च आहे आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरीही. म्हणजे तारेला ‘लाईन’ म्हणताना आपण त्या शब्दाच्या मूळ अर्थाच्या बऱ्याच जवळ आहोत. दोरीच्या जागी फक्त ॲल्युमिनियम आले आहे. वीजपुरवठा या अर्थी मात्र इंग्रजीत नुसते ‘लाईन’ चालत नाही, ‘पॉवर लाईन’ असे सांगावे लागते आणि तेही तारेसाठी, तारेतल्या विजेसाठी नाही. ती पुढची उडी आपली.

ही उडी आपण एकट्यांनी घेतली असेही नाही. छत्तीसगढकडच्या बोलण्यातही वीज गेल्याला ‘लाइन’ गेल्याचेच म्हणतात. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून १९५६ मध्ये विदर्भ तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषकांची राजधानी होती, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे आपली ‘लाईन’ रायपूर-बिलासपूरच्या बोलीशी का जुळते आणि पुण्याच्या ‘लाईट’शी का जुळत नाही, याचा काहीसा उलगडा होतो.

आता व्याकरणाकडे वळू. परका शब्द घरचा झाला की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : त्याला लिंग मिळाले का, अनेकवचन मिळाले का, आणि विभक्ती लावताना त्याचे रूप बदलते का? ‘लाईन’ या तिन्ही कसोट्यांना उतरते. ती स्त्रीलिंगी आहे, बहुधा ‘ओळ’, ‘रांग’ आणि ‘रेघ’ या तिघी स्त्रीलिंगी असल्यामुळे. तिचे अनेकवचन ‘लाईनी’ असे होते. आणि आपण ‘लाईनमध्ये’ असे म्हणतो तसेच ‘लाईनीत’, ‘लाईनीनं’, ‘लाईनीवर’ असेही म्हणतो. ‘फोन’सारख्या शब्दाला अशी सामान्यरूपाची समृद्धी लाभलेली नाही.

नागपुरी_संत्रं

सर, ‘लाइन’ की ‘लाईन’?

शब्दवेल्हाळ

दोन्ही लिहिलेले आढळते. इंग्रजी उच्चारात तो एकच जोडस्वर आहे, म्हणून ‘लाइन’ लिहिणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. मराठीतल्या अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहिण्याची आपली रीत आहे, म्हणून ‘लाईन’ लिहिणारेही निराधार नाहीत. शब्द घरचा झाला आहे असे मी वर म्हटले असल्याने मी दीर्घ लिहितो. विद्यार्थ्याने यांपैकी काहीही लिहिले तरी गुण कापू नयेत.

मूर्तिजापूर_जंक्शन

माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे आधी रेल्वेची लाईन आणि मग विजेची, असा माझा क्रम आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेणे हा तिच्यामागचा एक मोठा हेतू होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानांवर हा शब्द प्रथम याच रुळांवरून आला असावा असे मला वाटते. खेड्यापाड्यांत विजेच्या तारा येण्याच्या कितीतरी आधी. आमच्या मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला ही अडीच फुटी नॅरोगेज. तिची गाडी बंद झाली, तरी त्या बाजूच्या शेतांचा पत्ता सांगताना लोक आजही ‘लाईनीच्या अलीकडे’ आणि ‘लाईनीच्या पलीकडे’ असेच सांगतात. तिथे लाईन म्हणजे शकुंतलेची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रेल्वेने मराठीला दिलेला सर्वांत सुंदर प्रयोग ‘लाईन क्लिअर’ हा आहे. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी स्टेशन मास्तर पुढच्या स्थानकाच्या मास्तराकडे यंत्रावरून विचारणा करतो, आणि पुढचा टप्पा मोकळा असल्याची खात्री करून तो ‘लाईन क्लिअर’ देतो. नील्स टोकन नावाच्या यंत्रात ही परवानगी मिळाली की पोलादी गोळा बाहेर पडे. तो गोळा वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई, आणि न थांबणारी गाडी असेल तर ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे खांद्यावर झेलत असे. तो गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे नेणे हा गंभीर गुन्हा. आज लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलीच्या मामाकडून लाईन क्लिअर मिळाली’ असे कोणी म्हणते तेव्हा या शिस्तीची कल्पना बोलणाऱ्याला नसते, पण अर्थ मात्र तंतोतंत तोच असतो : पलीकडच्याने होकार दिला, आता गाडी हलवायला हरकत नाही.

कचेऱ्यांत एखाद्या अधिकाऱ्याला बिनमहत्त्वाच्या खात्यात बसवले की ‘लूप लाईनला टाकले’ म्हणतात, तेही आमच्याकडूनच गेलेले आहे. स्थानकात मेन लाईन सोडून बाजूला वळवलेली आणि पुढे पुन्हा तिलाच येऊन मिळणारी ती लूप लाईन. मालगाडी तिथे उभी करतात आणि मेल गाडी पुढे काढतात. ज्यांना लूप लाईनला टाकले जाते त्यांनी ‘पुढे पुन्हा मिळणारी’ हा भाग विसरू नये.

ओसरी (सेलू, वर्धा जिल्हा)

पुरुष मंडळींनी तारा आणि रूळ घेतले, तर माणसांच्या लाईनी मी घेते.

रेशनच्या दुकानापुढची लाईन, बँकेतली लाईन, खताच्या दुकानापुढची लाईन. इंग्लंडमध्ये यासाठी ‘क्यू’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘लाईन’, असे मी वाचले आहे. आपल्याकडे जुना शब्द ‘रांग’ आहे, तो फलकावर असतो. ‘कृपया रांगेत उभे राहावे’ अशा फलकाखाली उभे राहून आम्ही ‘लाईन लय मोठी आहे वो’ असे बोलतो. तरीही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्वत्र चालत नाहीत. ‘माणसांची लाईन लागली’ म्हणजे खूप लोक आले. ‘माणसांची रांग लागली’ म्हणजे ते शिस्तीत उभे राहिले. जेवणाऱ्यांची मात्र पंगतच बसते. तिथे लाईनीचा शिरकाव झालेला नाही, आणि होऊही नये. बुफेला लाईन लागते, हा भाग निराळा.

शेतातही तिला फारशी जागा मिळालेली नाही. निंदणाला म्हणजे खुरपणीला बायका बसतात तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला आलेली पट्टी ती पाथ. एकीची पाथ मागे पडली की शेजारची तिला हात देते. पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधून डवरा म्हणजे कोळपे चालते ते तास. कापूस चौफुलीवर लावायचा असेल तर आधी आडव्या-उभ्या खुणा पाडतात, म्हणजे डवरा दोन्हीकडून घालता येतो. या सगळ्या सरळ रेषाच आहेत आणि त्या सगळ्यांना इंग्रजीत ‘लाईन’ किंवा ‘रो’ म्हणता येईल, पण आमच्या मजूर बायांपैकी कोणीही ‘माझी लाईन’ असे म्हणत नाही. ठिबक आले तेव्हा मात्र ‘मेन लाईन’ आणि ‘सबमेन लाईन’ आली. विहिरीवरून शेतात गेली ती ‘पाईपलाईन’. म्हणजे जे बाजारातून आले ते आपले नाव घेऊन आले, आणि जे आमच्या हातांखालचे होते त्याचे नाव टिकले.

आता ज्या अर्थाबद्दल सगळे गप्प आहेत, तो मीच लिहिते. ‘लाईन मारणे’ आणि ‘लाईन देणे’. इंग्रजीत या अर्थी ही क्रियापदे नाहीत. तिथे ओळख काढण्यासाठी टाकलेल्या ठरावीक वाक्याला ‘लाईन’ म्हणतात, एवढाच दूरचा संबंध. आपल्याकडचे ‘लाईन मारतो’ हे विनोदाने बोलले जाते, पण एसटीच्या थांब्यावर रोज उभे राहणाऱ्या मुलीला त्यात विनोद आढळत नाही. आणि ‘ती लाईन देते’ या वाक्यात तर मुलीने केवळ वर पाहिल्याचा अर्थ बाहेरच्याने परस्पर लावलेला असतो. शब्दाचा अर्थ नोंदवताना तो कोण कोणाबद्दल बोलतो हेही नोंदवले पाहिजे, म्हणून लिहिले.

खडू_फळा

ओसरीताई, शेवटच्या परिच्छेदाबद्दल विशेष आभार. आमच्या शाळेत हा प्रयोग कानावर येतो आणि शिक्षक तो हसून सोडून देतात.

‘लाईन’चा शिक्षणातला एक अर्थ राहिला, तो मी जोडते. दहावीनंतर पालक विचारतात, ‘बाई, पोराला कोणत्या लाईनीत टाकावं?’ सायन्सची लाईन, मेडिकल लाईन, आयटीआयची लाईन. हा अर्थ इंग्रजीत आहे. ‘लाईन ऑफ वर्क’ असे तिथे म्हणतात. पण ‘त्याने लाईन बदलली’ किंवा ‘ती आपली लाईन नव्हे’ यांतला सूर आपला आहे. ‘ती आपली लाईन नव्हे’ या वाक्यात कधी नम्रता असते, कधी तुच्छता, आणि कधी परिस्थितीपुढे टेकलेले हात असतात. शेवटचा प्रकार मी सर्वांत जास्त ऐकते.

आणखी एक शंका : ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे आपण पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट समजतो. इंग्रजीत ‘लायनिंग’ म्हणजे तर अस्तर. मग हे कुठून आले?

जवस_लाखोळी (गोंदिया जिल्हा)

बाईंच्या शंकेचे उत्तर शब्दवेल्हाळ सरांनी सांगितलेल्या जवसातच आहे. जाड कापडाच्या कपड्याला आतून मऊ लिननचे कापड लावत, म्हणून आतून कापड लावण्याला ‘टू लाईन’ हे क्रियापद मिळाले आणि त्या कापडाला ‘लायनिंग’. म्हणजे ‘लाईन’ आणि ‘लायनिंग’ हे एकाच जवसाचे दोन वेगवेगळे फाटे आहेत : एक दोरीकडून रेषेकडे गेला, दुसरा कापडाकडून अस्तराकडे. आपण मात्र ‘लायनिंग’ हे ‘लाईन’पासून झाले असे धरून ‘रेषारेषांचे ते लायनिंगचे’ असा अर्थ लावला. इंग्रजीत त्या शर्टाला ‘स्ट्राइप्ड’ म्हणावे लागेल. गंमत अशी की शिंपी दोन्ही अर्थ सहज सांभाळतो. ‘लायनिंगच्या कापडाला लायनिंग लावायचं का?’ हा प्रश्न त्याला मुळीच विचित्र वाटत नाही. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालतात, तेही ‘लायनिंग’. कालव्याचे अस्तरीकरण, तेही ‘लायनिंग’.

जवसाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव लायनम युसिटॅटिसिमम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अत्यंत उपयोगी’. आमच्याकडे धानाच्या बांधीत धान उभे असतानाच, ओल धरून असलेल्या जमिनीत, लाखोळी या कडधान्यासारखे जवसही फोकून देतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, ओलीत नाही. धान कापल्यावर ते वर येते आणि निळी फुले धरते. आपण ते बियांसाठी घेतो, चटणीसाठी आणि तेलासाठी. धाग्याचे जवस निराळे असते, उंच वाढणारे आणि कमी फांद्यांचे, आणि ते थंड हवेच्या देशांत घेतात. त्यामुळे ज्या झाडाच्या खोडावरून अर्ध्या जगाला ‘लाईन’ हा शब्द मिळाला, त्याचे खोड आमच्याकडे कुठल्याच कामाचे धरले जात नाही. इंग्रजीत जवसाला ‘लिनसीड’ म्हणतात, त्यातले ‘लिन’ तेच. सरकारी इमारतींत पूर्वी फरशीवर अंथरत ते लिनोलियम, त्यातही तेच, कारण ते जवसाच्या तेलापासून करत.

मूर्तिजापूर_जंक्शन

व्वा. आता डब्यातल्या चटणीकडे पाहण्याची दृष्टी बदलणार.

नागपुरी_संत्रं

आमची सिव्हिल लाईन्स राहिली की!

शब्दवेल्हाळ

इंग्रजी अमदानीत फौजेचे तंबू किंवा बराकी ओळीने उभारत, त्या वस्तीला ‘लाईन्स’ म्हणत. त्याच धर्तीवर मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स. नागपूरची आपल्याकडे प्रसिद्ध, कारण विधानभवन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ तिथेच आहे. ‘पोलीस लाईन’ हे त्याच कुळातले, पण ते एकवचनीच राहिले. बंगल्यांना अनेकवचन आणि शिपायांच्या चाळींना एकवचन, हा योगायोग असेलही.

खांबावरचा

अलीकडच्या ‘ऑनलाईन’वर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या भागात हा शब्द आता क्रियाविशेषण राहिलेला नसून काम झाला आहे. ‘ऑनलाईन केलं काय?’ असे शेतकरी एकमेकांना विचारतात, तेव्हा त्याचा अर्थ ई-पीक पाहणी नोंदवली का, सोयाबीनच्या खरेदीसाठी नाव टाकले का, किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, यांपैकी काहीही असू शकतो. संदर्भ पाहून अर्थ घ्यायचा. ‘माझं ऑनलाईन झालं नाही’ या वाक्यात ‘ऑनलाईन’ हे चक्क नाम आहे, नपुंसकलिंगी. आणि हे ऑनलाईन व्हायला आधी आमची लाईन असावी लागते; ती नसली की सेतू केंद्रापुढे माणसांची लाईन लागते.

‘डेडलाईन’ हा शब्दही आता तलाठी कार्यालयापर्यंत पोहोचला आहे. आमच्या कामात मेलेली लाईन म्हणजे सुरक्षित लाईन, म्हणून मला तो नेहमी उलटा वाटतो.

शब्दवेल्हाळ

दादा, तो शब्द मुळात तुमच्या जिवंत तारेइतकाच घातक आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल येथील कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक मर्यादारेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती ‘डेड लाईन’. वृत्तपत्रांच्या छपाईच्या वेळेला आणि पुढे कोणत्याही कामाच्या शेवटच्या तारखेला हा शब्द नंतर लागला. आपल्याकडे ‘मुदत’ हा इतका सोयीचा शब्द असताना, जो वाढवूनही मिळतो, ‘डेडलाईन’ कशाला हवी हे मला कळत नाही. ‘लाईन गेली’ मी आनंदाने स्वीकारतो. ‘डेडलाईन’ मी विद्यार्थ्यांच्या निबंधात खोडतो. यात विसंगती आहे असे कोणाला वाटत असेल तर वाटो. पहिल्या शब्दाने एक रिकामी जागा भरली, दुसऱ्याने भरलेली जागा बळकावली.

ओसरी

आणि ‘बीपीएल’? त्यातला शेवटचा ‘एल’ म्हणजे ‘लाईन’च. दारिद्र्यरेषा. पण ‘आमचं बीपीएलमध्ये नाव आहे’ असे आम्ही म्हणतो, तेव्हा ती रेषा कुठेच दिसत नाही. खाली असणे हीसुद्धा एक यादी होते आणि माणूस तिच्या ‘मध्ये’ असतो.

खडू_फळा

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच पुढे गेली. मी असे ठरवले आहे की मराठीच्या वहीत ‘लाईन गेली’ खोडायचे नाही. ‘वीज गेली’ हा शब्दप्रयोग मुलांना यायला हवा, तो मी फळ्यावर शेजारी लिहून देईन, कारण अर्ज लिहिताना आणि परीक्षेत तो लागतो. इंग्रजीच्या वहीत मात्र ‘द लाईन वेन्ट’ खोडत राहीन, आणि का खोडले ते मराठीतून समजावून सांगेन. सहकाऱ्यांच्या लाल शाईविषयी मी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलेन. ते भले गृहस्थ आहेत.

ओळंबा (पुसद)

उशिरा आलो, क्षमस्व. मी बांधकामाची कामे घेतो. धागा वाचताना सारखे वाटत होते की शब्दवेल्हाळ सरांनी सांगितलेली गोष्ट आमच्याकडे आधीपासूनच आहे, फक्त जवसाऐवजी कापसाची.

भिंत रचताना दोन्ही टोकांना खिळे ठोकून त्यांच्यामध्ये दोरी ताणतात. तिला हल्ली ‘लाईनदोरी’ म्हणतात, पण आमचे जुने मिस्त्री ‘सूत’ म्हणत. ‘सुतात घे’ म्हणजे वीट दोरीच्या रेषेत बसव. ‘भिंत सुतात नाही’ म्हणजे वाकडी आहे. सूत म्हणजे कापसाचा ताणलेला धागा, त्यावरून सरळ रेषा, आणि रेषेवरून सरळपणा. जवसाच्या धाग्यावरून लॅटिनमध्ये जे घडले ते इथे कापसाच्या धाग्यावरून घडले. वाया चाललेल्या पोराला ‘लाईनीवर आणला’ असे आज म्हणतात. आमची आजी ‘सुतासारखा सरळ केला’ असे म्हणत असे. सुतार हा शब्दही ‘सूत्रधार’ म्हणजे सूत धरणारा यावरूनच आला आहे, असे म्हणतात. सरांनी दुजोरा द्यावा.

शब्दवेल्हाळ

दुजोरा देतो. ‘सूत्रधारा’चा सुतार झाला, ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. ‘सुतात असणे’ हा प्रयोग माझ्या नोंदींत नव्हता, तो आता घेतो. एक विचारतो : तुमच्याकडे सूत हे मापही आहे ना?

ओळंबा

आहे. इंचाचे आठ सूत. मिस्त्री ‘दोन सूत बाहेर आहे’ असे म्हणाला की भिंत पाव इंचाने पुढे आली आहे, आणि ती प्लास्टरमध्ये निघून जाईल. चार सूत म्हणाला तर वरचे दोन थर उतरवायला सांगावे.